अरे-तुरे

माझा भाऊ ख्वा लोकांना हसवून पोट भरतो.
निदान आईला आम्ही तसं सांगितलंय.
खरं पोट भरतं मालिकेतल्या कामावर :
दुकानदार क्रमांक दोन.
दिग्दर्शक म्हणतो, झकास, फक्त चेक भाषा जरा तुटकी बोल.
हा इथे, खेबच्याच इस्पितळात जन्मलेला,
ब्लाझेनाबाईंच्या मांडीवर बोलायला शिकलेला.
(आईबाबा बाजारात बागेतले बुटके विकायचे,
प्लास्टरचे, लाल टोपीचे, सीमेपलीकडच्या जर्मनांना,
आणि बाई आमच्या पगारी आजी होत्या.)
त्याला तुटकी येईचना.
मग तीन दिवस गल्ल्यामागे स्टुलावर बसून
आईचं बोलणं वहीत उतरवत राहिला.

त्या वहीतूनच तो विनोद निघाला.

"माझी आई," ख्वा मंचावर म्हणतो,
"सगळ्यांना अरे-तुरे करते.
पोस्टमनला. पाद्र्याला.
आरोग्य खात्याचे साहेब आले, सुटाबुटात,
फ्रिजमध्ये थर्मामीटर घालून उभे,
आई म्हणाली : ए, तू, दार लाव. गार हवा जाते."
लोक हसतात.
"उद्धट नाही हो ती.
तीस वर्षं काउंटरपलीकडून
जेवढी भाषा आली, तेवढीच शिकली.
ए, तू, दूध दे. ए, तू, हे केवढ्याला?
'तुम्ही' नावाचा माल
आमच्या दुकानात कुणी उतरवलाच नाही."

इथे हशा येतो, पण अडखळत,
अंधारात जिन्याची एक पायरी जास्त निघावी तसा.
ख्वा म्हणतो, त्या अडखळण्यासाठीच तर मी
गाडीभाडं खर्चून येतो.

गेल्या शुक्रवारी आमच्याच गावात प्रयोग झाला,
रेल्वे कामगारांच्या जुन्या सभागृहात.
आई आली नाही. दुकान कोण बघणार?
मी होते, मागे खांबाशी.
चौथ्या रांगेत वोंद्राचेककाका,
ज्यांना रोज सकाळी सहा पन्नासला
दोन पाव आणि सिगारेटचं पाकीट लागतं.
सगळे हसले तेव्हा त्यांनी टोपी काढली,
आत पाहिलं,
परत घातली.

शनिवारी, सहा पन्नास.
मी आत खोकी फोडत होते.
घंटी वाजली. मग बराच वेळ काहीच नाही.
मग काकांचा आवाज,
शाळेत कविता म्हणायला उभं केल्यासारखा :
"नमस्कार, बाई. तुम्ही... तुमच्याकडे पाव आहेत का?"

आईने मागे वळून पाहिलं.
मागे फक्त मी आणि नूडल्सची खोकी.
पाव पिशवीत घातले. पाकीट ठेवलं.
सुटे मोजता मोजता हळूच विचारलं :
"तू रागावलास माझ्यावर?"

आमच्या घरच्या भाषेत हे दोन्ही शब्द नाहीत.
तिथे समोरचा थोरला भाऊ असतो, किंवा धाकटी बहीण,
काका, मावशी, नातू ;
नातं ठरल्याशिवाय वाक्यच सुरू होत नाही.
हे काकांना कसं सांगायचं?
ते पिशवी छातीशी धरून उभे,
आणि त्यांच्या मागे रांग.

रात्री ख्वाला फोन केला. तो प्रागमध्ये,
शूटिंगच्या आवारात, ॲप्रन घालून,
एका ओळीसाठी सकाळपासून बसलेला.
ऐकून हसला नाही. लायटरचा आवाज आला, दोनदा.
मग म्हणाला, "हे मी घेऊ?"
आईने फोन ओढून घेतला :
"किती देशील?"

अजून त्याने तो किस्सा मंचावर नेलेला नाही.
म्हणतो, शेवट बसत नाही,
लोक कुठे हसतील ते कळत नाही.
काका येतात. कधी तू म्हणतात, कधी तुम्ही,
कधी एकाच वाक्यात दोन्ही,
आणि कानापर्यंत लाल होतात.
आई दोघांनाही
सारखेच सुटे परत करते.